पांढरं दिसणारं काळं जर्किन

सकाळी सव्वानऊला पोलीस कंट्रोलचा कॉल आला तो असा : तीन हात नाका, पुलाखाली, चोर पकडून ठेवलाय, पब्लिक जमली आहे. यातला शेवटचा तुकडा आधी ऐकायचा असतो. चोर खरा की खोटा हे मागाहून ठरवता येतं. पण पब्लिक किती आहे आणि कधीपासून आहे, यावर तो माणूस आपल्या ताब्यात चालत येणार की उचलून आणावा लागणार, हे ठरतं.

मूळ गुन्हा पहाटे सहा दहाचा. दिवस डिसेंबरचे. फिर्यादी काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, रोजच्या फेरीला निघालेल्या. हायवेच्या सर्व्हिस रोडला, पुलाच्या अलीकडे साधारण ऐंशी मीटरवर मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्यानं मंगळसूत्राला हात घातला आणि दोघं पसार झाले. अडीच तोळे, म्हणजे फिर्यादीत पंचवीस ग्रॅम. ओढताना ते तुटलं. थोडे काळे मणी काकूंच्या हातात राहिले आणि मानेवर तार ओढल्यासारखा ओरखडा उठला.

हे लोक काम कसं करतात ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच समजतो. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. डाव्या कडेनं चालणाऱ्या माणसाची पाठ वाहनांकडे असते आणि मागे बसलेल्याचा डावा हात नेमका त्याच्या मानेच्या उंचीला येतो. त्याच रस्त्यावर उजव्या कडेनं, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाललं तर मोटरसायकल लांबून दिसते, आणि ती अंगाजवळ आणायची तर उलट्या बाजूला घालावी लागते. एवढा एक बदल केला तरी पुष्कळ फरक पडतो. शिवाय मंगळसूत्र ब्लाउजला सेफ्टी पिननं अडकवू नये. पिन सुटत नाही, बाई फरफटत जाते. ओढलंच तर सोडून द्यावं.

हात घालायच्या आधी एक रिकामी फेरी होते. कुठे दिवा बंद आहे, कुठे टेम्पो उभे आहेत, वळण कुठे आहे, हे त्यात बघून घेतात. काकूंना गाठलं त्या जागी हे तिन्ही होतं. पुढे पुलाखाली मात्र पहाटे पाचपासून चुली पेटतात, गजऱ्यांची टोपली बांधायचं काम चालू होतं. माणसं जागी असतात तिथे हे लोक हात घालत नाहीत. पुलाखालच्या वस्तीमुळे आजूबाजूला चोऱ्या होतात असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. पटल्याचं अजून कोणी बोललेलं नाही.

तर आम्ही फिर्याद घेतली. आधी काकूंना डॉक्टरकडे पाठवलं, कारण मानेवरच्या त्या ओरखड्यावर कलम बदलतं. नुसतं हिसकावणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सोनं काढताना दुखापत केली की ती जबरी चोरी, कलम ३०९, आणि शिक्षा दहा वर्षांच्या पुढेही जाते. हमरस्त्यावर, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली जबरी चोरी असेल तर चौदा वर्षांपर्यंत. डिसेंबरात ठाणे शहरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून फिर्यादीत 'सकाळी' असं मोघम लिहून चालत नाही, वेळ लिहावी लागते.

मग फुटेज. समोरच्या सोसायटीचे दोन कॅमेरे रस्त्याकडे होते. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या मशीनचं, घड्याळ अकरा मिनिटं पुढे. हे जवळपास प्रत्येक सोसायटीत असतं, कारण मशीन बसवून गेलेला माणूस परत येत नाही. अशा वेळी डीव्हीआरच्या स्क्रीनशेजारी मोबाइलचं घड्याळ धरून फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. नाहीतर कोर्टात बचावाचा वकील विचारतो, गुन्हा सहा दहाला आणि तुमचा आरोपी सहा एकवीसला कसा दिसतो? फुटेजची प्रत घेताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा आकडा, लागते. हार्ड डिस्क लहान असेल तर पंधरा दिवसांत जुनं पुसलं जाऊन नवीन चढतं, त्यामुळे ही कामं उद्यावर टाकता येत नाहीत.

पहिल्या कॅमेऱ्यात मोटरसायकल दिसत होती. नंबर प्लेट नुसती पांढरीफटक, कारण रात्रीच्या वेळी कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश प्लेटवरून सरळ परत येतो. मागे बसलेला पांढरट जर्किनमध्ये. काकू तर ठामपणे काळं म्हणत होत्या. काकूंचंच खरं असणार, हे या कामातल्या कुणालाही कळतं. अंधारात असे कॅमेरे इन्फ्रारेडवर चालतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. नायलॉन, पॉलिस्टर असलं कापड डोळ्याला काळं असलं तरी तो प्रकाश परत फेकतं, म्हणून पडद्यावर राखाडी किंवा चक्क पांढरं येतं. रात्रीच्या फुटेजवरून कपड्यांचा रंग सांगू नये, हा आमच्याकडे पहिला धडा.

सोसायटीच्या ग्रुपवर हा धडा पोचलेला नव्हता. आम्ही प्रत घेऊन गेलो, मागोमाग कोणीतरी मोबाइलवर पडदाच शूट केला. त्यात दुसऱ्या कॅमेऱ्याचा तुकडा होता : तीन मिनिटांनी एक माणूस पुलाकडून येतो, वाकतो, काहीतरी उचलतो, भराभर परत जातो. अंगात पांढरट स्वेटर. मोटरसायकलचा भाग गळला आणि वाकणारा माणूस तेवढा राहिला. खाली ओळ : हाच टिप देणारा. नऊच्या आधी सात-आठ जण पुलाखाली उतरले होते.

आम्ही पोचलो तेव्हा तो खांबाला टेकून बसलेला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळचा धाराशिवकडचा, सिग्नलला गजरे विकणारा. स्वेटर कुणीतरी वाटलेला. मोबाइल फुटलेला, सिमकार्डाचा पत्ता नाही. आणि सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या तळहातावर मंगळसूत्राची एक वाटी. "ह्याच्या खिशातून काढली साहेब. आता काय राहिलं?"

राहिलं होतं बरंच. ती वाटी मी कागदाच्या पुडीत घेतली तोवर ती निदान पाच हातांतून फिरली होती. अंगझडती पंचांसमोर, चित्रीकरण करत घ्यावी लागते. गर्दीनं खिशातून काढलेली वस्तू 'अंगझडतीत मिळाली' असं मला लिहिता येत नाही. म्हणजे तो खरंच चोर असता तरी त्याच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच नासवला होता. नागरिकाला माणूस पकडता येतो, नाही असं नाही. पण अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला असला पाहिजे, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केलं पाहिजे. इथे डोळ्यांसमोर काय घडलं होतं? मोबाइलवर एक माणूस वाकला होता.

त्याला ठाण्यात न नेता आधी कळव्याच्या पालिका रुग्णालयात नेलं. यात दया वगैरे काही नाही. जखमी माणूस वैद्यकीय तपासणीशिवाय ठाण्याची पायरी चढला तर त्या जखमा आमच्या नावावर लागतात. एक्स-रेत डावीकडची एक बरगडी मोडलेली निघाली. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, कलम ११७. सकाळी एक गुन्हा होता, दुपारी दोन झाले, आणि दुसऱ्यातले आरोपी सगळे पत्ता-पिनकोडवाले.

वाटीबद्दल तो म्हणाला, "घावली. उजाडल्यावर कुणी हुडकत आलं असतं तर दिली असती." दिली असती का? मला माहीत नाही, आणि कायद्यालाही तसं छातीठोक सांगता येत नाही. सापडलेली वस्तू मालकासाठी सांभाळली तर गुन्हा नाही. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःची करून टाकली तर कलम ३१४. वाटी त्याच्या खिशात तीन तासही नव्हती, विकायला तो कुठे गेला नव्हता. एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही. माझ्या ओळखीचे दोघेजण आहेत, एका रिक्षाचालकाला पाकीट मिळालं होतं, एका बँकवाल्याला कानातलं. दोघांनीही दुसऱ्या दिवशी आणून दिलं आणि पेपरात फोटो आला. एक रात्र ती वस्तू कुठे होती, हे कोणी विचारलं नाही.

रुग्णालयातच त्यानं आपण होऊन सांगितलं, "जर्किन काळंच व्हतं सायेब. पुलाखाली गाडी हळू केली, जर्किन काढून मधी दाबलं. आत पिवळा टीशर्ट. काच वर केली तवा तोंड बगितलं म्या." कपडे बदलणं हीच त्यांची पुढची पायरी असते. नाकाबंदीला काळ्या जर्किनचं वर्णन जातं, तोवर गाडीवर पिवळा टीशर्टवाला बसलेला असतो. तिथून आनंदनगर नाका जेमतेम दोन किलोमीटर, त्यापुढे मुंबईची हद्द.

जबाबाच्या कागदावर 'राहणार' असा रकाना असतो. आमच्या लिखाणात अशा माणसाला फिरस्ता म्हणतात. तो वारला की बेवारस. मी लिहिलं : तीन हात नाका पुलाखाली, ठाणे पश्चिम.

संध्याकाळी सोसायटीचं शिष्टमंडळ आलं. त्रेचाळीस सह्यांचा अर्ज, विषय : पुलाखालील वस्ती हटवणेबाबत. माणसं वाईट नव्हती. त्यातल्या एका आजींना खरोखर भीती वाटत होती, आठवडाभर त्या खाली उतरल्या नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, "उचलून न्या ना साहेब, तुम्हाला अधिकार आहेत." अधिकार असे : १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, पण गजरे विकणारा भिकारी नव्हे, आणि भिकारी असला तरी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयानं तर २०१८ साली तिकडे लागू असलेली त्याच कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. रस्त्यावर झोपणं हा काही गुन्हा नाही. मनोरुग्ण असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि वर त्याच्या घरच्यांचा शोधही आम्हीच घ्यायचा.

निवाऱ्यात का जात नाहीत, हाही प्रश्न आला. सर्वोच्च न्यायालयानं लाखामागे एक निवारा सांगितलेला आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांच्या वर होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं अठरा. आणि जागा असली तरी बाप एका हॉलमध्ये, आई-मुली दुसऱ्या, टोपल्या ठेवायच्या कुठे आणि पहाटे चारला फुलबाजारात जायचं कसं? त्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळाही आहे, पोरं तिथे शिकतात. अध्यक्षांना ती शाळा माहीत होती, तिला त्यांनी देणगीही दिली होती. हे ते अगदी सहज बोलून गेले.

पुलाखालच्यांच्या घरी चोरी होत नाही असं लोकांना वाटतं, घरच नाही म्हणून. प्रत्यक्षात उशाखालचा मोबाइल, चपला, आधार कार्ड, फुलांच्या उधारीसाठी कमरेला बांधलेले पैसे, हे सतत जातं. त्याची फिर्याद माझ्या बीटवर मी क्वचितच पाहिली आहे. फोनचं बिल मागतात, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख-नंबर मागतात, पत्ता मागतात. माणूस धंद्याची वेळ जाते म्हणून परत जातो. बिल नसलं तरी तक्रार घेता येते, आणि तो नंबर माहीत असेल तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन बंदही करता येतो. नवा फोन घेतला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारे पंधरा आकडे दोन ठिकाणी लिहून ठेवावेत. फोनमध्ये नव्हे.

तपास लागला तो उलट्या मागानं. घटनेनंतरचे कॅमेरे सगळेच बघतात. आम्ही घटनेच्या आधीचे बघतो, कारण गुन्ह्यानंतर हेल्मेट उतरत नाही, आधी उतरतं. पाच चाळीसला एका टपरीवर दोघं चहा पीत होते, हेल्मेट आरशाला लटकवलेलं, टपरीच्या दिव्यात तोंड आणि काळं जर्किन, खरोखरचं काळं. मोटरसायकल कल्याणमधून चोरलेली. अकराव्या दिवशी मागे बसणारा मिळाला. भाड्याच्या खोलीत राहत होता, रजिस्टर करारनामा, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, सगळं रीतसर. सोनाराकडून सतरा ग्रॅमची लगड मिळाली. वाटी मुद्देमालात होती, पंचांसमोर वजन केलं तेव्हा एक ग्रॅम तीनशे चाळीस मिलिग्रॅम भरली.

आता ओळख परेड. ती कारागृहात होते, आणि अटकेनंतर जितकी उशिरा तितकी कुचकामी. काकूंनी हेल्मेटखालचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त गजरेवाल्यानं. साक्षीदाराला पत्र घेऊन हवालदार गेले आणि शेरा मारून परत आले : सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही. पुलाच्या त्या टोकाला जाळी लागली होती, आत कुंड्या.

मारहाणीतल्या सातही जणांना नोटिसा त्याच दिवशी पहिल्या फेरीत पोचल्या होत्या.

गजरेवाल्या एका मावशींनी ठिकाण सांगितलं. दोन सिग्नल पुढे, कॅडबरीला. मी गेलो तेव्हा बरगडीला पट्टा बांधून तो फुलं ओवत होता. येतो म्हणाला, पण दुपारनंतर, सकाळी माल संपवावा लागतो. दुसरं पत्र तयार केलं. पत्ता : कॅडबरी सिग्नल, पुलाखाली, ठाण्याकडून जाताना डावीकडचा तिसरा खांब. ठाणे अंमलदारांनी आवक-जावकला चढवताना पेन थांबवलं.

"साहेब, तिसरा म्हणजे कुठून मोजायचा?"