तुम्ही शिकवता तरी काय नेमकं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण गुहागरच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे हाच प्रश्न येतो, की काकू, त्या सर्विस डॉगच्या पिल्लाला तुम्ही शिकवता तरी काय? शेकहँड? बॉल आणायला? नाही हो. मी तिला काहीही न करता पडून राहायला शिकवते, आणि त्यातच माझं सगळं वर्ष जातं.

अंध माणसाला वाट दाखवायची, व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली किल्ली उचलून द्यायची, हे खरं ट्रेनिंग नंतर ट्रेनर लोक देतात. त्याआधी वर्ष-सव्वा वर्ष पिल्लू कुणाच्या तरी घरात माणसांत वाढावं लागतं, साधारण आठ आठवड्यांचं असताना येतं. ते घर म्हणजे आमचं. हे नवीन फॅड आहे असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, अहो पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली होती.

आता पडून राहणंच का, तर पुढे ती ज्याला मिळेल तो तिचा माणूस बँकेत तासभर बसला की तिनेही त्याच्या पायाशी तासभर बसायचंय, शेजारून कुणी वडापाव नेला, पोराने शेपटी ओढली, तरी उठायचं नाही. लॅब्रेडॉरला हे सांगून बघा एकदा!

तारा, म्हणजे आमचं हे पिल्लू, आली ती भर पावसात. पिल्लाचं तीन ते साधारण चौदा आठवड्यांचं वय फार महत्त्वाचं, त्यात जे बघेल ऐकेल ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं, पण नेमक्या तेव्हाच लसी पूर्ण झालेल्या नसतात आणि आपल्याकडे पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची भीती, म्हणून जमिनीवर सोडता येत नाही. मग काय, टॉवेलात गुंडाळून कडेवर घ्यायची आणि एसटी स्टँडवर जाऊन उभं राहायचं. लोक म्हणायचे नातवंडं नाहीत का हिला.

धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर पहिल्यांदा नेली तेव्हा तो लोखंडी रॅम्प धाडकन जेटीवर आपटला आणि तिने माझ्या साडीवरच केली. चूक माझी होती, मी एकदम जवळ नेली होती. भ्यालेलं पिल्लू खात नाही, ही माझी मोजपट्टी. मग मागे मागे सरकत गेले, पार रस्त्यापर्यंत, तिथे तिने उकडलेल्या चिकनचा तुकडा तोंडात घेतला. तिथेच थांबलो. पुढचे चार दिवस आम्ही फेरीत बसलोच नाही, नुसतं लांबून रॅम्पचा आवाज ऐकायचा आणि चिकन खायचं, रोज दहा पावलं पुढे. पाचव्या दिवशी रॅम्प आपटला तशी ती वळून माझ्या हाताकडे बघायला लागली, की तुकडा कुठाय. मला तिथेच भरून आलं.

घरातल्यांनाही शिकावं लागतं बरं का. शब्द ठरलेले असतात, सिट म्हणजे सिट, कारण उद्या तिचा माणूस तेच शब्द वापरणार. सासूबाई मात्र तिला "बस गो बाय माझी, बस हां" म्हणायच्या आणि ती गोंधळून शेपूट हलवत उभीच. महिनाभराने सासूबाईंनी स्वतःहून "सिट" म्हटलं आणि तारा टपकन बसली, तेव्हा त्या चारचौघांत सांगत सुटल्या.

आणि "लीव्ह इट", म्हणजे सोड. हा शब्द किनाऱ्यावर जीव वाचवतो. वाळूत केंड मासा मरून पडलेला असतो, फुगलेला, काटेरी, विषारी, कुत्र्याने खाल्ला तर खेळ खलास. ताराने एकदा त्याच्यावर नाक टेकवलं होतं. मी ओरडले नाही, नेहमीच्या आवाजात "लीव्ह इट" म्हटलं आणि ती नाक उचलून माझ्याकडे आली. घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते.

ट्रेनर लोकांकडे जायच्या आधीच्या आठवड्यात तिला हर्णैला घेऊन गेले, संध्याकाळच्या लिलावाला. होड्या लागलेल्या, बर्फ, टोपल्या, कावळे, मांजरं, बोलीचा आरडाओरडा, आणि सगळीकडे मासे! तारा माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडली. डोळे टोपलीबरोबर इकडून तिकडे फिरत होते, नाक सारखं हलत होतं, पण अंग जागचं हललं नाही. पंचवीस मिनिटं. एक मावशी सुरमईची टोपली घेऊन तिच्या अगदी नाकावरून गेली, पुढे जाऊन थांबली, परत आली आणि वाकून बघत काळजीने म्हणाली, "आजारी हाय का गो ही?"

म्हटलं नाही मावशी, ड्युटीवर आहे.