अर्र म्हणणारे आणि गोड बोलणारे

माझे पेशंट चाच्यांसारखे बोलतात. सिनेमातल्या समुद्री चाच्यांसारखे. मी मूळची अलिबागची, आणि आता इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमधल्या ब्रिक्सम नावाच्या मासेमारीच्या बंदरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे आजोबा ट्रॉलरवर जाळी ओढून खांदे आणि गुडघे झिजवलेले. 'दुखणं कमी आहे का?' विचारलं की 'येस' ऐवजी घशातून लांबलचक 'अर्र' येतो. 'मी आहे' याला 'आय बी' म्हणतात. आणि एका सत्तरीच्या आजोबांनी पहिल्यांदा 'ऑलराइट, माय लव्हर?' असं विचारलं तेव्हा मी चक्क दोन पावलं मागे सरकले होते. इथे बस ड्रायव्हरपासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळे सगळ्यांना तसंच म्हणतात, त्यात काही वावगं नाही, हे नंतर कळलं.

या बोलीची खूण म्हणजे 'र'. लंडनचा माणूस 'हार्बर'मधले दोन्ही र गिळून टाकतो. डेव्हनचा माणूस ते दोन्ही चावून चावून म्हणतो, आणि आपणही म्हणतो! मराठी शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी. लंडनमध्ये एका वरिष्ठ बाईंनी 'तुझे र जरा मऊ कर' असा सल्ला दिला होता. इथे मात्र एका म्हाताऱ्या खलाशाने 'तू वरच्या लोकांसारखी नाही बोलत, बरं वाटतं' म्हणून पाठ थोपटली. वरचे लोक म्हणजे लंडनचे.

तर या गरीब बोलीला चाच्यांच्या गळ्यात कुणी बांधलं? रॉबर्ट न्यूटन या नटाने. जन्म १९०५ चा, इथून जवळच्याच डॉर्सेटमधला. १९५० साली डिस्नेने 'ट्रेझर आयलंड'वर सिनेमा काढला, त्यात तो लाँग जॉन सिल्व्हर हा चाचा झाला आणि आपल्या मुलखाची बोली त्याने तिप्पट घट्ट करून वापरली. डोळे गरागरा, र गडगडाटी. दोन वर्षांनी तोच ब्लॅकबिअर्ड हा दुसरा चाचा झाला, १९५४ मध्ये पुन्हा सिल्व्हर. १९५६ मध्ये गेला बिचारा, पण तोवर चाचा म्हटला की तो असाच बोलणार, हे जगाने ठरवून टाकलं होतं. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'नंतर मुंबईतला कुणीही हौसेने मालवणी बोलायला लागला की तोंडातून तात्या सरपंचच बाहेर पडायचा, त्यातलाच प्रकार.

पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमधल्या जॉन बॉर आणि मार्क समर्स या दोन मित्रांना रॅकेटबॉल खेळता खेळता लहर आली की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी चाच्यांसारखं बोलावं. तारीख ठरली १९ सप्टेंबर, कारण तो समर्सच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस आणि त्याच्या बरा लक्षात राहायचा. २००२ मध्ये डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिलं आणि थट्टा जगभर गेली. त्या दिवशी आमच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवरही डोळ्याला काळी पट्टी बांधलेली एक मुलगी असते. समोर बसलेले आजोबा रोजच्यासारखेच बोलत असतात आणि सगळे त्यांच्याकडे बघून हसतात. मला नाही आवडत ते.

'ट्रेझर आयलंड' ही मूळ कादंबरी मी इथे आल्यावरच नीट वाचली. स्टीव्हन्सनची, १८८३ सालची. आणि धंद्याच्या सवयीने नजर आधी सिल्व्हरच्या पायाकडे गेली. लोकांच्या डोक्यातल्या सिल्व्हरला लाकडी पाय असतो. पुस्तकात तो नाहीच! डावा पाय थेट खुब्याजवळून कापलेला आहे. इतक्या वरून पाय गेला की लाकडी खुंट अडकवायला खाली मांडीच उरत नाही. म्हणून त्याच्याकडे कुबडी आहे, डाव्या खांद्याखाली, आणि तिच्यावर तो पाखरासारखा टुणटुण फिरतो. जहाजावर स्वयंपाक करताना कुबडीला दोरी बांधून ती गळ्यात अडकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे. जहाज डोलत असलं की कुबडीचं टोक भिंतीशी रोवतो, अंगाचा भार तिच्यावर टाकतो आणि जमिनीवर असल्यासारखा रांधतो. तोल सांभाळायचं हे तंत्र मी पेशंटना शिकवते त्याहून सरस आहे. लिहिणाऱ्याने कुबडीवरचा माणूस जवळून पाहिल्याशिवाय हे सुचत नाही, असं मला वाचतानाच वाटलं होतं.

पाहिलाच होता. विल्यम हेन्ली हा कवी स्टीव्हन्सनचा दोस्त. हाडांच्या क्षयाने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. दुसराही जायचा, तो एडिनबरोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टरने वाचवला. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा जनक, तोच लिस्टर. त्याच इस्पितळात १८७५ मध्ये स्टीव्हन्सन आणि हेन्लीची गाठ पडली. तुझ्या त्या पंगू पण दणकट रूपातूनच सिल्व्हर जन्मला, अशी कबुली स्टीव्हन्सनने पुढे त्याला पत्रातून दिली.

आणि पुस्तकातला सिल्व्हर गुरगुरत नाही. ब्रिस्टलमध्ये त्याची खानावळ आहे, घरी बायको आहे, बँकेत खातं आहे आणि ते कधी उणे झालेलं नाही. तो माणसं जिंकतो ती गोड बोलून. गोष्ट सांगणाऱ्या पोरगेल्या जिमला हुशार म्हणून चढवतो आणि पुढे जहाजावर दुसऱ्या एका पोराला तेच शब्द जसेच्या तसे ऐकवतो. जिम तेव्हा सफरचंदांच्या पिंपात लपून हे ऐकत असतो. सगळ्या कादंबरीत मला याच जागी खरी भीती वाटली. न्यूटनच्या आरडाओरड्यात हा माणूस पार बुडून गेला.

अलिबागकर म्हणून एक तक्रार राहिलीच. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात नऊ चाचेराजांची सभा भरते, तीत हिंदी महासागराचा राजा म्हणून 'श्री संभाजी आंग्रिया' बसवला आहे. आपले आंग्रे! स्वतः बोलत नाही, दोन सेवक त्याच्या वतीने बोलतात. शेवटी तोंड उघडतो तर आवाज चिरका, आणि थिएटर हसतं. ज्यांची समाधी मी शाळेत जाता-येता पाहिली, त्या कान्होजींचं घराणं हे.

इंग्रजांनी कान्होजींना चाचा म्हटलं ते का, हे कोकणात सांगायला नको. शाहू महाराजांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडून दस्तक, म्हणजे परवाना, मागत होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हक्क फक्त स्वतःचा वाटत होता. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन इंग्रज अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रापत्री झाली. फिप्सने लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजींच्या उत्तराचा इंग्रजी तर्जुमा उपलब्ध आहे, आणि तो सगळा अदबीचा आहे. आशय असा: दुसऱ्याच्या मालाची हाव म्हणाल तर व्यापारीही तिच्यातून सुटलेले मला दिसत नाहीत. जगाची रीतच ती. देव स्वतःच्या हाताने थेट कुणाला काही देत नाही, एकाचं घेतो आणि दुसऱ्याला देतो. हे बरोबर की चूक, ते ठरवणार कोण? शिवाजी महाराजही चार राजांशी लढले आणि राज्य उभं केलं, आमची सुरुवात तिथून झाली.

एवढं सगळं, एकही शिवी न देता, समोरच्याला 'तूही त्यातलाच' असं सुनावत. सिनेमावाल्यांच्या हाती हे पत्र लागलं असतं तर त्या आंग्रियाला दोन भाडोत्री तोंडं द्यायची वेळ आली नसती.