टेलॉसची मान वळली

मागच्या नोंदीत पुतळा नुसता उभा होता. आता त्याची मान वळते, आणि ती वळताना बघून घरातला एक लहान मुलगा दोन पावलं मागे सरकला. एवढं यश मला पुरे आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: स्टॉप-मोशनचा, म्हणजे पुतळा जरा जरा हलवत एकेक फ्रेम टिपण्याच्या कलेचा, उस्ताद रे हॅरीहाउझेन. त्याच्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' (1963) या चित्रपटातला कांस्याचा राक्षस टेलॉस जिवंत होतो, तो क्षण घरच्या टेबलावर माझ्या पुतळ्यानिशी करून बघायचा आहे. अभ्यास म्हणून. हर्क्युलीस आणि हायलस खजिन्याच्या दालनातून एक भलीमोठी पिन उचलून बाहेर येतात, वर चौथऱ्यावर गुडघा टेकून बसलेला पुतळा असतो, आणि त्याचं फक्त डोकं वळतं. धातू करकरल्याचा तो आवाज भारीच आहे, पण एकदा आवाज बंद करून बघा. भीती तशीच राहते.

का राहते, ते फ्रेम-फ्रेम पुढे नेत शोधलं. (व्हीएलसीत 'ई' दाबलं की चित्र एक फ्रेम पुढे जातं. सगळा अभ्यास त्या एका बटणावर चाललाय.) हॅरीहाउझेनचे बाकीचे प्राणी कधी स्वस्थ नसतात. शेपटी वळवळते, छाती वरखाली होते, कारण थांबला की पुतळा मेला. टेलॉसला ही सवलतच नाही. मान वळते तेव्हा खांदे दगडासारखे असतात. एरवी ज्या ताठर, अडखळत्या हालचालीला आपण स्टॉप-मोशनचा दोष म्हणतो, ती इथे मुद्दाम आणलेली आहे. आयुष्यभर हालचाल मऊ करण्यात घालवलेल्या माणसानं ती जाणूनबुजून अवघडवली. आणि मग टाचेचं झाकण उघडून आतला द्रव वाहून जातो तेव्हा हाच धातूचा माणूस गळा धरून घुसमटतो. श्वास त्याला मिळतो तो मरतानाच. मला याच चित्रपटातल्या सात सांगाड्यांच्या लढाईपेक्षाही हा प्रसंग मोठा वाटतो. सांगाडेवाले मित्र भांडतील, भांडू देत.

आता माझ्या पुतळ्याकडे. अंगात पीळ दिलेली अॅल्युमिनियमची तार, सांध्यांच्या मधल्या हाडांना एम-सील. हातापायांना हे चालतं. मानेला नाही, कारण तार वाकवून सोडली की किंचित मागे येते आणि तेवढ्यानं टेलॉसचा दारुड्या होतो. म्हणून मानेत एका जुन्या मोबाइल होल्डरचा बॉल-जॉइंट बसवला. ठेवाल तिथे थांबतो. हॅरीहाउझेनच्या पुतळ्यांत असेच गोल सांधे असत, फक्त ते त्याचे वडील फ्रेड लेथवर बनवून देत आणि लहान पुतळ्यांचे कपडे आई शिवायची. तळपायात नट बसवलाय, बोल्ट भोकं पाडलेल्या फळीखालून येतो, त्यामुळे पुतळा पडत नाही.

आधीची जागा लक्षात ठेवायला हॅरीहाउझेनकडे सरफेस गेज होतं, म्हणजे जड बैठकीवरची टोकदार सुई. ती नाकाला टेकवायची, नाक हलवायचं, किती हललं ते बघायचं. आपल्याला फोनवरच्या स्टॉप-मोशन अॅपमध्ये मागची फ्रेम पुसट दिसते. तरीही सायकलचा स्पोक लाकडी ठोकळ्यात रोवून मी तसलीच सुई केली. कपाळ किती वळलं हे स्क्रीनपेक्षा तिच्यावर नेमकं कळतं.

प्रकाश: खिडकीला जाड चादर, एलईडी दिवा पॉवर बँकेवर, अंगात काळा शर्ट. फोनचं फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. यातलं एक जरी सुटलं तरी चित्र लुकलुकतं.

सगळ्यात जास्त मजा पार्श्वभूमीत आली. हॅरीहाउझेनची युक्ती, जिला 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (1958) च्या वेळी डायनामेशन हे नाव मिळालं, अशी: आधी चित्रित केलेले नट मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फ्रेमनं प्रक्षेपित करायचे, पुढे टेबलावर पुतळा. टेबल दिसू नये म्हणून कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर तेवढा भाग काळा रंगवायचा. पुतळ्याचं काम संपलं की फिल्म मागे न्यायची, उलटा भाग झाकायचा आणि मूळ दृश्यातली जमीन त्या कोऱ्या राहिलेल्या जागेत उतरवायची. झालं, राक्षस मागच्या डोंगराच्या आणि पुढच्या खडकांच्या मधोमध. चित्राचं चित्र घेतल्यामुळे त्या शॉटमध्ये दाणे वाढतात. सवय झाली की पडदा जरा खरखरीत दिसताच 'आला आला' असं आपणच म्हणतो.

माझा मागचा पडदा म्हणजे लॅपटॉप. स्क्रीनवर नागमोडी पट्टे उमटत होते. पुतळा आणि लॅपटॉप यांत हातभर अंतर ठेवून मागचं जरासं धूसर केलं तसे ते गेले. स्क्रीनचा उजेड मात्र कमीच ठेवावा लागतो, नाहीतर पुतळा पुढे चिकटवल्यासारखा दिसतो. खालचा भाग झाकायचं काम (मास्क) फोनवरच करतो. काच रंगवायची हिंमत अजून नाही.

सांगाड्यांचा हिशोब मांडला तेव्हा घाम फुटला. सात सांगाडे, प्रत्येकाचे हात, पाय आणि डोकं, म्हणजे एका फ्रेमला पस्तीस हालचाली, शिवाय हवेत तलवारी फिरवणाऱ्या तीन नटांशी मेळ. त्या लढाईला त्याला साडेचार महिने लागले. 'द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद' (1973) मधली सहा हातांची, सहा तलवारींची काली त्या मानाने एकटी आहे, पण कठीण तीही. आपल्या ओळखीच्या कालीशी तिचं नातं नावापुरतं, लढते मात्र झकास.

जाता जाता, एकेक फ्रेमचा हा नाद आपल्याकडेही जुनाच. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचा अंकुर वाढताना टिपला आणि पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्याच नाचवल्या. सांधे बनवायला जमत नसेल त्यानं काडेपेटीपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही.

पुढचं काम चौथऱ्यावरून पाऊल खाली टाकणं. वजन कमरेतून जाणवलं पाहिजे, म्हणून कंबरेतही बॉल-जॉइंट घालतोय आणि गुडघ्याची तार बदलतोय, ती वाकून वाकून तुटायला आली आहे.