गाडी धाकट्याच्या दारात, हप्ता थोरल्याच्या खात्यातून

कोल्हापुरात हे घरोघरी चालतं. थोरला शिरोली एमआयडीसीत पगारदार, म्हणून कर्ज त्याच्या सॅलरी स्लिपवर. गाडी वापरतो धाकटा, गावाकडं. पुढं वाटणी झाली की ठरतं, "गाडी तू ठेव, राहिलेले हप्ते तू भर." हे दोन भावांतलं झालं. बँक त्या बैठकीला नव्हती. कर्जाच्या करारावर ज्याची सही, बाकी त्याच्याकडूनच वसूल होणार. वाटणीपत्रात लिहा, बक्षीसपत्र करा, तलाठ्यापासून सरपंचापर्यंत साक्षीदार घ्या, बँकेवर त्यातलं काहीही बंधनकारक नाही. घेणेकऱ्याच्या संमतीशिवाय देणं दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येत नाही.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, बँकेच्या कर्जाची नोंद म्हणजे बोजा असेपर्यंत आरटीओ नावही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५१ सांगतं की त्यासाठी बँकेची लेखी संमती लागते. मग बहुतेक घरांत नुसती किल्ली दिली जाते. आरसी, कर्ज, विमा तिन्ही थोरल्याच्या नावावर आणि गाडी धाकट्याच्या दारात. माझ्या मते सगळ्यात वाईट अवस्था हीच. ई-चलानचे मेसेज थोरल्याला येतातच, पण अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यातही मालक म्हणून तोच उभा राहतो. गाडी पुढं कुणालाही दिलेली असो, नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

काही बँका कर्जदार बदलून देतात, पण तिथं कागद नीट वाचा. नव्या माणसाला 'सहकर्जदार' म्हणून जोडलं असेल तर जुना सुटलेला नाही, दोघंही अडकले. जुन्या कर्जदाराला जबाबदारीतून मुक्त केल्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हवं. मॅनेजर तोंडी "काळजी करू नका" म्हणाले तर काळजी करायची वेळ आली असं समजा. जामीनदार असेल तर त्याचीही नव्यानं सही घेतली जाते, कारण त्याला न विचारता करार बदलला तर पुढच्या व्यवहारांपुरता तो सुटतो.

त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग म्हणजे घेणाऱ्यानं स्वतःच्या नावावर जुन्या गाडीचं कर्ज काढायचं आणि त्यातून आधीचं फेडायचं. हिशोब असा बसतो. ६ लाख, साडेनऊ टक्के, ६० महिने, म्हणजे हप्ता सुमारे १२,६०० रुपये. दोन वर्षांत ३ लाख २ हजार भरले जातात, पण बाकी राहते ३ लाख ९३ हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. "अर्धं तर फिटलंय की" हा घरातला अंदाज इथंच चुकतो आणि भांडणही इथंच सुरू होतं. गाडीची आजची किंमत ५ लाख धरली तर त्यातून बाकी वजा जाता थोरल्याचा हक्क १ लाख ७ हजारांवर. भरलेले तीन लाख परत मागण्यात अर्थ नाही, दोन वर्षं गाडी वापरली गेलीय. शिवाय कार लोन बहुधा फिक्स्ड व्याजाचं असतं, त्यामुळे मुदतपूर्व फेडीचा आकार लागतो. करारात ४ टक्के असेल तर वरच्या बाकीवर १८ टक्के जीएसटी धरून साडेअठरा हजार. हे कुणी सोसायचं ते आधी बोलून घ्या.

कागदांना क्रम आहे. आधी जुन्या बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या, म्हणजे कर्ज बंद करायला एकूण किती भरायचं त्याचा कागद. त्यातली रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच चालते. नव्या बँकेनं पैसे भावाच्या हातात न देता थेट जुन्या कर्जखात्यात भरायचे. इथं एक बारीक घोळ होतो: हप्ता ५ तारखेचा आणि खातं ३ ला बंद केलं, तर आधीच पुढं गेलेला ऑटो-डेबिट ५ ला तरीही येऊ शकतो. खात्यात शिल्लक ठेवा, आणि ऑटो-डेबिटची परवानगी (मॅन्डेट) रद्द झाल्याचं बँकेकडून लेखी घ्या. नंतर बँकेची हरकत नसल्याचं पत्र म्हणजे एनओसी, आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती संपली की पुन्हा हेलपाटे.

कोल्हापूरची, एमएच-०९ ची गाडी असेल तर परिवहनच्या पोर्टलवर बोजा उतरवणं, नाव बदलणं आणि नवा बोजा चढवणं हे अर्ज एकत्र टाकता येतात. नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, नव्या बँकेच्या बोजासाठी फॉर्म ३४. कारसाठी हस्तांतरणाची फी ३०० आणि बोजा चढवण्याची १५०० रुपये, कार्डाचे वेगळे. देणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर ओटीपीवरच अर्ज अडतो, तेव्हा तो आधी बदलून घ्या. जुन्या थकीत चलानांचंही आधीच बघा.

विमा नव्या नावावर करून घ्यायला १४ दिवस. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जुन्या नावावर अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीची नसते, माणसाची असते. थोरल्यानं त्याचं पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येते.

धाकट्याला कर्जच मिळत नसेल तर? आपल्याकडं हा प्रश्न खरा आहे, कारण ऊसबिलावर जगणाऱ्याचं दरमहा उत्पन्न कागदावर दिसत नाही. "बिल आलं की एकदम देतो" हे तो खरंच मनापासून म्हणत असतो. पण हप्ता दरमहा जातो. अशा वेळी बिल जमा झाल्याबरोबर सहा महिन्यांचे हप्ते थोरल्याच्या एका वेगळ्या खात्यात आगाऊ टाकायचे आणि ऑटो-डेबिट त्याच खात्याला जोडायचा. पैसे रोख द्यायचे नाहीत. पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांचं लिहून ठेवा. बँकेला ते लागू नसलं तरी थोरल्याला भरावे लागलेले पैसे धाकट्याकडून वसूल करायला तो पुरावा आहे. हप्ता चुकला तर क्रेडिट रिपोर्ट थोरल्याचाच बिघडतो. आणि वेळेवर भरला तरी त्याच्या घरकर्जाच्या वेळी हे १२,६०० त्याच्या पगारातून वजा धरले जातात. गाडी ओढून नेऊन लिलावात विकली आणि तरी बाकी उरली, तर तीही त्याच्याकडेच मागितली जाते.

कर्ज पतसंस्थेचं किंवा पगारदार सोसायटीचं असेल तर आणखी जपा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, दिवाणी दाव्याची वाट बघावी लागत नाही, आणि जामीनदार असलेल्या सहकाऱ्याच्या मागेही तगादा लागतो.

कर्जदार वारला तर वारसांना फॉर्म ३१ नं तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असतं. बँक वारसांकडून त्यांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच वसूल करू शकते, पण सहकर्जदार म्हणून सही केलेल्या मुलाला ही मर्यादा नाही. हप्त्याबरोबर कर्ज-विमा कापला जात होता का ते आधी तपासा. कित्येक घरांत तो असतो आणि कुणाला माहीत नसतो.

गाडी बेळगाव-निपाणीला दिलेल्या लेकीला द्यायची असेल तर वर फॉर्म २८ ची आरटीओ एनओसी लागते, बोजा असताना त्या एनओसीलाही बँकेची संमती लागते आणि कर्नाटकचा रोड टॅक्स तिकडं वेगळा भरावा लागतो. अशा वेळी इथलं कर्ज पूर्ण फेडून, बोजा उतरवूनच गाडी पाठवा.