आमची वाटचाल: जुनी कार्डं, नवे कर्नल

२०११ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही काम सुरू केलं तेव्हा टोनर भरण्यापासून टॅलीच्या बॅकअपपर्यंत मिळेल ते घेत होतो. सर्व्हरकडे वळलो ते गिऱ्हाइकांमुळे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, मशीन शॉप, पतसंस्था, सगळ्यांना स्वतःचा सर्व्हर हवा असायचा, पण नवाकोरा परवडायचा नाही. मग वापरलेले रॅक सर्व्हर मुंबईहून आणायचे, डिस्क बदलायच्या, लिनक्स घालायचं आणि एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर, सांभाळायचे. आजही आमचं घर त्यावरच चालतं.

या धंद्यात आम्हाला घडवलं ते नेटवर्क कार्डांनी. डेलच्या पॉवरएज आर७१० या सर्व्हरमध्ये ब्रॉडकॉमच्या ५७०९ चिपचे नेटवर्क पोर्ट असतात. त्यांचा बीएनएक्स२ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, पण फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, फाइल वेगळी. त्यामुळे डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर मध्येच थांबून ती फाइल मागायचा आणि आम्ही ती पेनड्राइव्हवर घेऊन हिंडायचो. २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं, तेव्हा कुठे तो व्याप संपला.

२०२४ मध्ये एका फाउंड्रीतून फोन आला. त्यांच्याच माणसाने सर्व्हर प्रॉक्समॉक्स ८.२ वर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी, डेबियनवर उभी असलेली प्रणाली) नेला होता, कर्नल ६.८ झाला होता आणि रीबूटनंतर सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. डिस्पॅचची चलनं अडकली, गेटवर ट्रक उभे. दुसऱ्या एका व्हेंडरने कार्ड गेलं म्हणून नव्याचं कोटेशनही पाठवलं होतं.

आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने मॉनिटर-कीबोर्ड जोडून आधी 'एलएसपीसीआय' ही जोडलेली कार्डं दाखवणारी कमांड चालवली. इंटेलचं एक्स७१० कार्ड जागेवर, आय४०ई ड्रायव्हर लागलेला, पोर्टचा हिरवा दिवाही चालू. फरक फक्त नावात होता. नेटवर्कच्या फाइलमध्ये 'ईएनपी६५एस०एफ०' लिहिलेलं आणि नव्या कर्नलवर त्याच पोर्टच्या नावामागे 'एनपी०' लागलेलं. हा ड्रायव्हर आता पोर्टचं नाव स्वतः कर्नलला कळवतो, म्हणून ही शेपटी येते. आभासी सर्व्हरना नेटवर्कशी जोडणाऱ्या ब्रिजला त्याचा पोर्टच सापडत नव्हता. फाइलमधलं नाव बदलल्यावर चलनं निघू लागली.

तेवढ्यावर सोडलं तर पुढच्या अपग्रेडला पुन्हा तेच. म्हणून मॅक ॲड्रेसवरून (पोर्टचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) पोर्टला कायमचं नाव देणारी लिंक फाइल केली; लिनक्समधली सिस्टमडी ही व्यवस्था ती वाचते. नावाची सुरुवात 'ईएन'ने ठेवली, म्हणजे प्रॉक्समॉक्स त्याला खरंखुरं कार्ड म्हणून ओळखतो. मग इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना सगळ्यात आधी लोड होणारं छोटं फाइलींचं गाठोडं, नव्याने बनवलं. हे राहिलं तर बूट होताना जुनंच नाव लागू शकतं.

कार्ड बदलायचा सल्ला देणं सोपं असतं, पैसे गिऱ्हाइकाचे जातात. ड्रायव्हरच लागलेला नाही, फर्मवेअरची फाइल सापडत नाही, फर्मवेअर जुनं आहे की नुसतं नाव बदललंय, हे 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी) आणि 'ईथटूल -आय' (पोर्टचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर) या कमांड बघून थोड्या वेळात कळतं. ६.८ वर ब्रॉडकॉमच्या काही कार्डांना त्रास होता. बीएनएक्सटी_आरई हे ड्रायव्हरचं मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे लोडच होऊ दिलं नाही, किंवा कार्डाचं फर्मवेअर चढवलं की तीच कार्डं चालतात, असं प्रॉक्समॉक्सच्या रिलीज नोंदींतच लिहिलंय. चांगलं कार्ड भंगारात गेलेलं मला बघवत नाही.

त्या फाउंड्रीनंतर आमच्या एएमसीत एक वही आली. प्रत्येक पोर्टचा पीसीआय आयडी, ड्रायव्हर, फर्मवेअर, मॅक आणि स्विचवरची जागा तीत असते. कर्नल चढवण्याआधी जुना कर्नल पिन करून ठेवतो, म्हणजे बूट त्यावरच होतं, आणि आयड्रॅक (डेल सर्व्हर लांबून हाताळायची सोय) किंवा जागेवर माणूस असल्याशिवाय रीबूट करत नाही. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी नाही.

सध्या प्रॉक्समॉक्स ९ ची तयारी चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत डेबियन १३ आहे, आली तेव्हा कर्नल ६.१४ होता, आणि पोर्टांची नावं पक्की करायचं साधन त्यातच मिळतं. आधी वर्कशॉपमधल्या मशीनवर एकेक जातीचं कार्ड लावून बघतोय. पतसंस्थांची पाळी मार्चअखेर उलटल्यावर.