तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सांगाड्यांचं काय

‘दिवसभर कॉम्प्युटरवर सिनेमाचे व्हीएफएक्स करतोस आणि घरी येऊन ते १९६३ च्या सिनेमातले लुटुपुटूचे सांगाडे काय बघत बसतोस?’ ऑफिसात विचारतात, लग्नात विचारतात, परवा केस कापताना न्हाव्यानंही विचारलं. एकदाच सांगतो.

लुटुपुटूचे दिसतात, मान्य. ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ या सिनेमातली ती लढाई रे हॅरीहाउसेन या बाहुल्या हलवून चित्रित करणाऱ्या कलाकारानं साडेचार महिने खपून उभी केली. सात सांगाडे, समोर तीन माणसं. मागच्या पडद्यावर आधी चित्रित केलेले नट, पुढे टेबलावर बाहुल्या. सगळ्यांचे हात, पाय, माना केसभर सरकवायच्या, तलवार नटाच्या तलवारीला भिडवायची आणि एक फ्रेम घ्यायची. अशा चोवीस झाल्या की एक सेकंद. बाहुली स्थिर असतानाच फोटो निघतो, त्यामुळे हालचालीत एरवी येणारा पुसटपणा नाही. तुम्ही हसता ती थरथर तिथून येते. सांगाड्याला ती शोभते, असं माझं मत.

पूर्वी मी पुढे जाऊन म्हणायचो, ‘यात जीव आहे, कॉम्प्युटरात नाही.’ आणि पगार घ्यायचो नटांना टांगणाऱ्या वायरी कॉम्प्युटरवर पुसण्याचा.

मागच्या दिवाळीत आपणही असा एक सांगाडा करून चालवायची खुमखुमी आली. तार, एम-सील, आईच्या शिलाई मशीनचं टेबल. आठ सेकंद, म्हणजे १९२ फ्रेम. सहा रात्री पंखा बंद, खिडकीला चादर. घामानं बोटं निसटायची, म्हणून मांडीवर पंचा. १४१ व्या फ्रेमला ट्रायपॉडला गुडघा लागला. माझाच. ओरडणार कोणावर? कॅमेरा होता तिथे नेण्यात दोन तास घालवले. बोटभर इकडे, नखभर तिकडे, पण मागच्या फ्रेमशी काही केल्या जुळेना. शेवटी फरशीवर बसून रडलो. वय वर्षं छत्तीस. आई दारात आली, बघून गेली, काही बोलली नाही.

उरलेल्या फ्रेम तशाच घेतल्या. आणि सुट्टी संपल्यावर ऑफिसात, डबा खाता खाता, तो धक्का ट्रॅक करून, म्हणजे चित्र कुठे किती सरकलं ते मोजून, वीस मिनिटांत काढून टाकला. कॉम्प्युटरवर. हो, मीच.

त्या वीस मिनिटांची लाज वाटावी की नाही, अजून ठरत नाही. हॅरीहाउसेनही मागच्या पडद्याचा आणि पुढच्या बाहुलीचा सांधा लपवायलाच धडपडायचा की. पण त्याला धक्का लागला असता तर? तो पुन्हा पहिल्यापासून बसला असता, आणि मी डबा खात होतो.

भाच्याला दुरुस्त केलेली फिल्म दाखवली. म्हणाला, “मामा, मस्तय. पण हा असा अडखळत का चालतो?”