टेप, मिसळणाचा डबा आणि साखरेची गोळी

भांडुपला माझं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. अकराच्या आत दीडशे पोळ्या निघायला लागतात. अशा वेळी आरोग्यसेविका दारात येऊन म्हणाली, "काकी, दोन मिनिटं. कंबर मोजायचीय." तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा साखर-प्रेशरच्या धोक्याचा फॉर्म भरत होती. टेप शिंप्याकडे असते तशी, पिवळी. कंबर भरली 94 सेंटीमीटर. बाईमाणसाची नव्वदच्या वर गेली की दोन गुण. आईला साखर होती म्हणून आणखी दोन. व्यायाम? म्हटलं, सकाळपासून उभी आहे, हाच व्यायाम. तो तिने धरला नाही, म्हणून आणखी एक. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवतात, म्हणून चिठ्ठी हातात ठेवून गेली. शाळेत एवढे गुण कधी पटापट पडले नव्हते.

मला काही होत नव्हतं. थकवा यायचा, पण या धंद्यात कोणाला येत नाही? जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात बोट टोचलं तर साखर 286, प्रेशर 158/96. प्रेशर आणखी दोन वेळा मोजून बघितलं, तरी उतरलेलं नाही. मग उपाशीपोटी रक्त, आणि एचबीएवनसी. तो 9.8 आला. साडेसहाच्या वर गेला की मधुमेह. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फार छान समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते ती यात मोजली जाते. म्हणजे आदल्या दिवशी भात सोडून रिपोर्ट सुधारायचा नाही. (मी नेमका सोडला होता.)

गोळ्या सुरू झाल्या. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, मी चहाबरोबर रिकाम्या पोटी घ्यायचे, त्याने पोट बिघडलं. मॅडमना सांगायचं सोडून गोळीच बंद केली. आपल्याला दवाखाना म्हणजे ताप, खोकला, तीन दिवसांच्या गोळ्या, बरं वाटलं की संपलं. इथे मुळात वाईटच वाटत नव्हतं, तर बरं कशावरून वाटणार? चार महिने तसेच गेले.

मग भावजयीने एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारं आणखी एक औषध, एकत्र असलेली गोळी दिली, सकाळी एक. जेवणखाण काय, उपास करता का, काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. त्याच महिन्यात संकष्टी आली. सकाळी गोळी घेतली, दिवसभरात दोन कप चहा आणि मूठभर शेंगदाणे. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. चारच्या सुमाराला भाजी चिरताना हात थरथरायला लागले. घामाने ब्लाउज भिजला, समोरची कोथिंबीर दोन-दोन दिसायला लागली. मला वाटलं पित्त. शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांकडे साखर बघायचं मशीन होतं, त्यावर 54 आली. वहिनींनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. उपास मोडला म्हणून मी रडले, हे आता लिहिताना हसू येतं. साखर वाढते एवढंच मला माहीत होतं. गोळीने ती अशी खालीही जाते, हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात. मॅडम ओरडल्या नाहीत. ती गोळी काढली, मेटफॉर्मिनच दिली, पण हळूहळू विरघळणारी, जेवणानंतर घ्यायची, चावायची-फोडायची नाही. पोट बिघडलं नाही. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर चालेल का, विचारलं. "काकी, तो नुसता स्टार्च. त्यापेक्षा जेवा."

मग डोळ्यांचा पडदा तपासून झाला, लघवीही तपासून झाली. पायाची तपासणी मला विशेष वाटली. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवतात, कळलं की "हो" म्हणायचं. मला सगळीकडे कळलं. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांना अंगठ्यापाशी कळलंच नाही, आणि कळलं नाही हेही त्यांना कळलं नाही.

गोळी विसरायचा प्रश्न मात्र दवाखान्यात सुटला नाही. फोनचा अलार्म मी पीठ लागलेल्या हाताने बंद करायचे आणि विसरायचे. शेवटी मिसळणाच्या डब्यातली मेथ्यांची वाटी रिकामी केली आणि तिथे स्ट्रिप ठेवली. फोडणीला डबा उघडतोच. हळदीचे डाग पडलेली स्ट्रिप बघून मॅडम हसल्या, पण एकही गोळी चुकलेली नव्हती. दवाखान्यात गोळ्या महिन्याच्या मिळतात. मध्ये कधी जायला जमलं नाही तर सरकारी योजनेच्या जनऔषधी दुकानातून घेते, तिथे फार स्वस्त पडतात.

मिठाचा हिशोब धंदेवाल्या डोक्याने केला. केंद्राचं मीठ वेगळं. घरात आम्ही चौघं, किलोची पिशवी पंचवीस दिवसांत संपायची. म्हणजे माणशी रोज 10 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ग्रॅमच्या आत. आणि यात पापड, फरसाण, बाहेरचा वडापाव धरलेलाच नाही. आता पिशवी चाळीस दिवस जाते. पहिला आठवडा घरात सगळे तोंड वाकडं करून जेवले. मग सवय झाली.

मुलाने फोनवर वाचून दाखवलं, 2023 साली आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, देशभरातली पाहणी छापून आली, त्यात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त आणि काठावरचे 13 कोटींहून जास्त. मी म्हटलं, काठावर आपल्याच घरात कोणी बसलंय का ते बघ.

सहा महिन्यांनी माझा एचबीएवनसीचा आकडा 7.2 आला. प्रेशर 132/84. परवा आरोग्यसेविका पुन्हा आली, या वेळी आमच्या ह्यांच्या फॉर्मसाठी. हे म्हणाले, "माझं काही दुखत नाही." वर पोट आत ओढून, शर्टावरूनच माप घ्या म्हणाले. टेप मी तिच्या हातातून घेतली. "अहो, शर्ट वर घ्या. आणि श्वास सोडा."

101.